पाटी सगळ्यात शेवटी: ट्राइबच्या मालकीच्या बागेत पाट्या आणि रस्ते सुधारताना कामाचा क्रम

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की सिएटलच्या आसपासच्या आपल्या मंडळींचे मला मेसेज यायला लागतात. कंपनीचा व्हॉलंटियर डे आहे, किंवा मुलाचा स्काउटचा प्रोजेक्ट आहे, एका बागेसाठी पाट्या बनवतोय, जरा बघून सांग ना. आणि सोबत पीडीएफ असतं. म्हणजे डिझाइन तयार, रंग ठरलेले, कधीकधी तर लाकूडसुद्धा आणून गॅरेजमध्ये ठेवलेलं, आणि बागेत अजून कोणी एकदाही व्हीलचेअर ढकलत फिरून बघितलेलं नाही. बाग ट्राइबच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, मालकीची असेल तर त्यात अजून एक भर, की पाटीवर जे शब्द लिहिलेत ते ज्यांचे आहेत त्यांना विचारलेलंच नाही. हा क्रम पूर्ण उलटा आहे, आणि प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

मी बोलतोय ते हेरन्सवूडसारख्या जागांबद्दल. एडमंड्सहून फेरीनं किंग्स्टनला उतरलं की थोड्या अंतरावर ही १५ एकरांची बाग आहे, आणि २०१२ पासून ती पोर्ट गॅम्बल स्क्लालम ट्राइबच्या मालकीची आहे. खाली ज्या चुका सांगितल्यात त्या हेरन्सवूडच्या नाहीत, वेगवेगळ्या ठिकाणी बघितलेल्या आहेत. पण हवामान, माती, झाडं, भाषा हे सगळं याच भागातलं धरलंय.

टप्पा १: आधी मालकाला विचारा, आणि मालक कोण ते नीट समजून घ्या

बागेचा मॅनेजर किंवा मुख्य माळी हो म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं आपण धरतो. ट्राइब म्हणजे सोसायटीची कमिटी नव्हे, ते स्वतःचं सरकार आहे, त्यांची निवडून आलेली काउन्सिल असते, वेगवेगळी खाती असतात. तुमच्या कामाचा संबंध त्यातल्या निदान तीन ठिकाणी येतो. बाग चालवणारे लोक, संस्कृती आणि भाषा बघणारं खातं, आणि जमीन खोदायची असेल तर ऐतिहासिक वारसा जपणारा अधिकारी, ज्याला इकडे सगळे टी-एच-पी-ओ म्हणतात. बागेतल्या माणसाला पहिल्याच भेटीत विचारायचं की या तिघांपैकी कोणाकोणाकडे कुठल्या क्रमानं जायचं आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो. उत्तर तीन महिने आलं तर तीन महिने. तुमच्या कंपनीचा व्हॉलंटियर डे मे महिन्यात आहे ही त्यांची अडचण नाही.

इथं कायद्याबद्दल एक गोष्ट, कारण बरेच जण उत्साहात पहिल्याच ईमेलमध्ये "तुमच्या बागेत एडीएचं उल्लंघन होतंय" असं लिहून पाठवतात आणि मग उत्तरच येत नाही म्हणून नाराज होतात. एडीए हा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा १९९० चा अमेरिकन कायदा. तो ट्राइबला कसा लागू होतो हा सरळ मामला नाही. फ्लोरिडातल्या मिकोसुकी ट्राइबच्या केसमध्ये १९९९ साली अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानं सांगितलं की लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांचे नियम लागू आहेत, पण खाजगी व्यक्तीला त्यावरून ट्राइबवर खटला भरता येणार नाही. शिवाय फेडरल पैसे घेतले असतील तर त्यासोबत वेगळ्या अटी येतात. हे सगळं त्यांच्या वकिलांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपण एडीएचे आकडे वापरायचे ते चांगलं माप म्हणून, वर्षानुवर्षं वापरून सिद्ध झालेलं माप. धमकी म्हणून नाही.

तपासा: पुढच्या टप्प्यावर जायच्या आधी तुमच्याकडे लेखी असायला हवं की अंतिम मजकूर कोण मंजूर करणार, आणि खोदकामाला कोण हो म्हणणार. नावासकट.

टप्पा २: बाग चालून मोजा, पावसात

हा टप्पा लोक गाळतात आणि सगळं इथंच बिघडतं, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहितो.

काय काय लागतं: २४ इंची लेव्हल, म्हणजे पाणसळ (डिजिटल असेल तर उत्तमच, साधी असेल तरी चालते), टेप, एक व्हीलचेअर, एक वॉकर, खडू किंवा छोट्या झेंड्या, आणि बागेचा छापलेला नकाशा. फोनमधलं लेव्हलचं ॲप वापरू नका, फोनची लांबी इतकी कमी की खडीच्या दोन दाण्यांवर तो काहीही आकडा दाखवतो.

चढ मोजायची सोपी रीत. २४ इंची लेव्हल रस्त्याच्या दिशेनं ठेवा, खालचं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला, आणि ते टोक जमिनीपासून किती वर आलं ते टेपनं मोजा. १.२ इंच आलं तर चढ ५ टक्के. २ इंच आलं तर साधारण ८.३३ टक्के, म्हणजे रॅम्पची कमाल मर्यादा, १२ ला १. मग तीच लेव्हल रस्त्याला आडवी ठेवा. आडवा उतार ४८ ला १ च्या आत हवा, म्हणजे २४ इंचात अर्धा इंच, बस तेवढाच. या आडव्या उताराकडे कोणी बघत नाही, पण व्हीलचेअरवाल्याला तोच सगळ्यात जास्त दमवतो, कारण खुर्ची सारखी एका बाजूला खाली ओढली जाते आणि एकाच हातानं सगळा जोर लावावा लागतो.

चालण्याच्या रस्त्याचे एडीएचे आकडे: चढ ५ टक्क्यांपर्यंत, त्याच्या वर गेला की तो रॅम्प धरला जातो. मोकळी रुंदी किमान ३६ इंच. रस्ता ६० इंचांपेक्षा अरुंद असेल तर दर २०० फुटांच्या आत एकदा तरी ६० बाय ६० इंचाची जागा, दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडतील एवढी. उभा उंचवटा पाव इंचापर्यंत चालतो, पाव ते अर्धा इंच असेल तर त्याला तिरपा उतार द्यायचा. लाकडी पुलाच्या फळ्यांमधली फट अर्ध्या इंचाहून जास्त नको, आणि फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर चाक किंवा काठी फटीत अडकते.

जंगलातल्या पायवाटेला हे सगळं जमत नाही, तर तिथं फेडरल जमिनींसाठीचे २०१३ चे नियम बघा, ते जरा सैल आहेत: ५ टक्क्यांपर्यंत कितीही लांब, ८.३३ पर्यंत सलग २०० फूट, १० पर्यंत ३० फूट, १२ पर्यंत फक्त १० फूट, आणि अशा प्रत्येक तुकड्यानंतर थांबायला सपाट जागा.

आता "पावसात" का लिहिलं. इकडे ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत पाऊस असतो, आणि आपण सगळे मोजमाप करायला जातो ते जुलैमधल्या कोरड्या ठणठणीत शनिवारी. जुलैत टणक वाटणारी पायवाट जानेवारीत चिखल असते, लाकडी पुलावर शेवाळ असतं, आणि डग्लस फर झाडाची सुयांसारखी पानं ओली झाली की त्यावरून काठी सरकते. दोनदा जा. एकदा कोरड्यात आकडे घ्यायला, एकदा ओल्यात फक्त चालायला.

आणि एकटे जाऊ नका. स्वतः रोज व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, कमी दिसणारी व्यक्ती, आणि ट्राइबचे वयस्क लोक, एल्डर्स, यातल्या कोणाबरोबर तरी गेल्याशिवाय हा टप्पा पूर्ण झाला असं मी मानत नाही. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, निदान बजेटमध्ये तशी ओळ तरी ठेवा. तुम्ही स्वतः अर्धा तास खुर्चीत बसून फिरलात तर तुम्हाला रस्ता कळतो, पण रोज त्या खुर्चीत असणाऱ्या माणसाला काय कळतं ते कळत नाही.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती, दोन्ही गुडघे गेलेले, हातात चाकांचा वॉकर. एका बागेत गेलो (बागेचं नाव महत्त्वाचं नाही). दारातच निळ्या रंगाची व्हीलचेअरच्या चित्राची पाटी, बाण डावीकडे. छान वाटलं, गेलो डावीकडे. चाळीस-पन्नास फूट गेल्यावर रस्ता गोल गुळगुळीत बारीक गोट्यांचा झाला, इकडे त्याला पी ग्रॅव्हल म्हणतात, आणि वॉकरची पुढची दोन्ही चाकं त्यात रुतून बसली. मी उचलून बघितलं, ओढून बघितलं. बसायला बाक नाही. मागं वळून दारापर्यंत जायचं तर तोच चढ. आई वॉकरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "तू बघून ये, मी थांबते इथं." आपल्या आया हे वाक्य ज्या आवाजात म्हणतात तो तुम्हाला माहीत आहे. ती पाटी बरोबर रंगाची होती, बरोबर उंचीवर होती, आणि खोटी होती.

सावधान: व्हीलचेअरचं चिन्ह हे वचन आहे. पूर्ण रस्ता मोजल्याशिवाय, आणि तो पूर्ण फेरी मारून परत दारापर्यंत किंवा बसायच्या जागेपर्यंत पोचतो याची खात्री केल्याशिवाय ते चिन्ह कुठंही लावू नका.

टप्पा ३: पाटीच्या आधी रस्ता

मोजून झालं की तीन याद्या करा. एका दिवसात होणारी कामं, पैसे लागणारी कामं, आणि कधीच न होणारी कामं. तिसरी यादी मनापासून करा, कारण उतारावरच्या जुन्या जंगलात काही वाटा कधीच ५ टक्के होणार नाहीत आणि त्यासाठी झाडाच्या मुळांवर कुऱ्हाड चालवायची वेळ येऊ नये.

व्हॉलंटियर डेला होण्यासारखं खूप असतं. फांद्या छाटून ३६ इंचांच्या जागी ४८ इंच मोकळे करणं, डोक्यावर ८० इंच मोकळी जागा करणं, निघालेल्या कडा भरून घेणं, बाकाच्या शेजारी ३० बाय ४८ इंचाची सपाट जागा करणं, म्हणजे खुर्चीतला माणूस बाकावरच्या माणसाच्या बाजूला थांबू शकतो, समोर रस्त्यात नाही. ही शेवटची गोष्ट अगदी स्वस्त आहे आणि जवळजवळ कुठंच केलेली नसते.

खडी कुठली टाकायची यावर मी वाद घालायला तयार आहे. पी ग्रॅव्हल नको म्हणजे नको, गोल दाणे एकमेकांत बसतच नाहीत. झाडांची भुगा-साल, चिप्स, दिसायला सुंदर आणि झाडांना चांगली पण चाकांना नाही. इकडच्या खडीवाल्याकडे "फाइव्ह-एट्थ मायनस" मागा, म्हणजे ५/८ इंचापासून खाली पार कचापर्यंत सगळं मिसळलेली फोडलेली खडी. ती दोन-तीन इंचांचे थर देऊन, पाणी मारून, प्रत्येक थर मशीननं धुम्मस करून दाबली की टणक होते. एकदम सहा इंच ओतून वरनं दाबली तर वरचा थर टणक आणि खालचा भुसभुशीत राहतो आणि पहिल्या हिवाळ्यात चाकोऱ्या पडतात.

मुळं वर आली असतील तर तोडू नका. त्यांच्यावरून छोटा लाकडी पूल घ्या किंवा वाट दोन फूट बाजूला वळवा. वेस्टर्न रेड सीडर असेल तर आधी विचारा, कारण या किनाऱ्यावरच्या लोकांसाठी ते झाड नुसतं झाड नाही, आणि त्याच्या मुळाशी काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

पार्किंगवर जास्त लिहीत नाही, आकडे सगळीकडे मिळतात. फक्त एवढंच, की अपंगांसाठी राखलेल्या निळ्या जागेच्या शेजारचा पट्ट्यापट्ट्यांचा भाग (६० इंच, व्हॅनची जागा ९६ इंचच रुंद ठेवली असेल तर तोही ९६) हा खुर्ची उतरवायला असतो, आणि तिथंच कचऱ्याचे डबे नाहीतर बागेची हातगाडी ठेवलेली असते.

टप्पा ४: पाट्यांची यादी, डिझाइन नव्हे

आता पाट्या. पण अजून कंप्युटर उघडू नका. नकाशावर जिथं जिथं माणूस थांबून "आता कुठं?" असं विचारतो तिथं टिंब काढा. दार, पार्किंगमधून दाराकडे, प्रत्येक फाटा, टॉयलेट, जिथं चढ सुरू होतो ती जागा. बाकी कुठंही दिशेची पाटी लागत नाही. एका वाटेवर पाच पाट्या लावल्या तर लोक पाचही वाचत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाची पाटी वाटेच्या सुरुवातीची. फेडरल नियमात नव्या वाटेच्या सुरुवातीच्या माहिती फलकावर पाच गोष्टी सांगितल्यात: लांबी, पृष्ठभाग कशाचा, रुंदी नेहमीची आणि सगळ्यात कमी, चढ नेहमीचा आणि सगळ्यात जास्त, आणि आडवा उतार तसाच. ही पद्धत मला फार आवडते. ती "सोपी वाट", "अवघड वाट" असं काही म्हणत नाही. सोपं कोणासाठी? ती फक्त आकडे देते आणि ठरवायचं काम ज्याच्या पायांनी किंवा चाकांनी जायचंय त्याच्यावर सोडते. नमुना असा:

पूर्ण फेरी ६०० फूट. दाबलेली खडी. रुंदी बहुतेक ठिकाणी ४८ इंच, एका पुलावर ३६. चढ बहुतेक ४ टक्के, तलावाजवळ २० फूट ९ टक्के. आडवा उतार २ टक्क्यांच्या आत. बाक तीन, पहिला १५० फुटांवर.

बाकाचं अंतर नियमात नाही, ते मी घालतो. माझ्या आईला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

अजून एक पाटी नेहमी चुकते: "पाळीव प्राण्यांना मनाई". तिच्या खाली "सर्व्हिस डॉगला प्रवेश आहे" ही ओळ नसेल तर कमी दिसणारा माणूस कुत्र्यासकट दारातूनच परत जाऊ शकतो, किंवा दारावरच्या व्हॉलंटियरशी वाद घालत बसतो. ही ओळ फुकट आहे.

तपासा: यादीतल्या प्रत्येक पाटीसमोर एक वाक्य लिहा, "ही नसेल तर कोणाचं काय अडेल". वाक्य सुचलं नाही तर पाटी काढून टाका.

टप्पा ५: मजकूर आणि भाषा

इथं आपल्या लोकांच्या हातून सगळ्यात जास्त चुका होतात, आणि सगळ्या चांगल्या मनानं होतात.

पहिली चूक, इंटरनेटवरून शब्द उचलणं. हेरन्सवूड ज्यावर आहे त्या किटसॅप द्वीपकल्पावर शेजारी-शेजारी वेगळ्या भाषा आहेत. शेजारच्या सुक्वामिश ट्राइबच्या लोकांची भाषा लुशुटसीड, स्क्लालम लोकांची क्लालम. दोन्ही एकाच सेलिश कुळातल्या, पण वेगळ्या. स्क्लालमच्या बागेत सीडरच्या झाडाखाली लुशुटसीड शब्द लावणं म्हणजे रत्नागिरीच्या बागेत आंब्याच्या झाडाखाली गुजराती पाटी लावून "स्थानिक भाषेत लिहिलंय" म्हणण्यासारखं आहे. क्लालम पहिली भाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या बाई २०१४ साली वारल्या. त्यानंतर जे लोक ती शाळेत शिकवतायत, शिकतायत, त्यांच्यासाठी पाटीवरचा प्रत्येक शब्द किती जपून ठेवलेला आहे याचा विचार करा. शब्द त्यांच्याकडूनच घ्यायचा, लेखी घ्यायचा, आणि तो छापायचा की नाही हेही त्यांनीच सांगायचं.

दुसरी चूक, झाडाचा उपयोग लिहिणं. आपल्याला वाटतं की "ही वनस्पती अमुक आजारावर वापरत" असं लिहिलं की मान दिला. काही गोष्टी सगळ्यांना सांगायच्या असतात, काही घरात ठेवायच्या असतात, आणि कुठली कुठल्यात हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आपल्याकडच्या वैदूला किंवा ठाकर-कातकरी आजीलाही कुठलं मूळ कुठं सापडतं हे विचारून बोर्डावर लावलं तर आवडणार नाही, तसंच. मसुदा पाठवताना उपयोगाची जागा रिकामी ठेवून पाठवा. त्यांना भरायची असेल तर ते भरतील.

सावधान: "खाण्यायोग्य" हा शब्द कुठल्याही पाटीवर नको. कॅमसचा कंद इथल्या लोकांचं जुनं अन्न, पण फुलं नसताना त्याच्यासारखाच दिसणारा डेथ कॅमस विषारी आहे, आणि पाटी वाचून उपटून बघणारा माणूस दर उन्हाळ्यात कुठंतरी भेटतोच.

तिसरी चूक काळाची. "इथं स्क्लालम लोक राहत असत" असं लिहू नका. ते राहतात. बाग त्यांची आहे. इंग्रजी मजकुरातली सगळी भूतकाळी क्रियापदं एकदा लाल पेनानं गोल करून बघा, किती निघतात ते बघून दचकायला होतं.

चौथी चूक तांत्रिक आहे, आणि ही मराठी माणसाला सगळ्यात लवकर समजेल. क्लालम लिपी रोमन अक्षरांवर आधारलेली आहे पण त्यात उलटा ई आहे, वर छोटं डब्ल्यू आहे, अक्षरावर स्वल्पविरामासारखी खूण आहे, आणि घशात आवाज अडवायचं एक अक्षर आहे जे बिनटिंबाच्या प्रश्नचिन्हासारखं दिसतं. जुन्या डीटीपीमध्ये आपली पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसायची, रफार उडायचा, जोडाक्षर फुटायचं, आठवतंय ना? अगदी तेच इथं होतं. एका प्रिंटरच्या प्रूफवर मी स्वतः बघितलंय, त्या अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह छापून आलं होतं, टिंबासकट, म्हणजे झाडाचं नाव न राहता तो प्रश्नच झाला. आणि आमच्या चौघांच्या डोळ्यांखालून ते तसंच गेलं होतं, कारण आम्हाला ती भाषा वाचता येत नव्हती. भाषा शिकवणाऱ्या बाईंनी बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं.

म्हणून: फाँट भाषा खात्याकडून घ्या, ते कुठला वापरतात ते विचारा. मजकूर युनिकोडमध्येच मागवा, फोटोवरून टाइप करू नका. प्रिंटरकडे पाठवताना अक्षरांच्या आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून पाठवा. आणि प्रूफ कागदावर छापून, भाषा येणाऱ्या माणसाकडून अक्षर अक्षर तपासून, सही घेऊन मगच पुढे. क्लालममध्ये कॅपिटल अक्षरं नसतात, आपल्यासारखंच, तेव्हा डिझाइनरला सांगून ठेवा की शीर्षक म्हणून पहिलं अक्षर मोठं करायचं नाही.

टप्पा ६: अक्षराचा आकार, उंची, रंग

एडीएच्या तक्त्याप्रमाणे, पाटीचं अक्षर जमिनीपासून ४० ते ७० इंच उंचीवर असेल आणि वाचणारा ६ फुटांच्या आत असेल तर अक्षर किमान ५/८ इंच. त्यापुढच्या दर फुटाला १/८ इंच वाढवायचा. १२ फुटांवरून वाचायचं असेल तर १ पूर्णांक ३/८ इंच. हे माप इंग्रजी कॅपिटल आयचं आहे, आणि इथं परत भाषा आडवी येते. क्लालम सगळी छोट्या अक्षरात, त्यामुळं एकाच पॉइंट साइजमध्ये इंग्रजी मोठं आणि क्लालम बारीक दिसतं. तसं होऊ देऊ नका. क्लालमची साइज वाढवा, नाव आधी क्लालममध्ये, मग इंग्रजी, मग लॅटिन. वरच्या खुणांसाठी दोन ओळींमध्ये अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीच्या पोटात खुणा घुसतात, आपल्या मात्रा-अनुस्वार घुसतात तशाच.

चकचकीत लॅमिनेशन नको. झाडाखालून येणाऱ्या कवडशात त्यावर काहीच दिसत नाही. मॅट, गडदवर फिकं किंवा फिक्यावर गडद, हिरव्यावर तपकिरी कधीच नाही, मग ते कितीही "नैसर्गिक" दिसो.

तिरप्या टेबलासारखा माहिती फलक असेल तर खाली गुडघे जायला २७ इंच मोकळी उंची ठेवा. खांबावर बाजूला निघालेली पाटी २७ ते ८० इंचांच्या मध्ये असेल तर ती खांबाच्या बाहेर १२ इंचांहून जास्त येऊ देऊ नका, काठी खांबाला लागते पण पाटी सरळ डोक्याला.

टप्पा ७: तीन आठवडे कागदी पाट्या

छापायच्या आधी सगळ्या पाट्या साध्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढा, प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बांबूला बांधा आणि लावा. तीन आठवडे. या काळात दारावरच्या व्हॉलंटियरनं फक्त एक काम करायचं, लोक काय काय विचारतात त्याच्या रेघा मारायच्या. "टॉयलेट कुठंय" ला वीस रेघा आल्या तर ती पाटी चुकीच्या जागी आहे, सुंदर असली तरी.

आणि क्यूआर कोड. आपण बहुतेक आयटीतले, त्यामुळं पहिली आयडिया हीच येते. क्यूआर कोड भर म्हणून छान आहे, उच्चार ऐकवायला तर फारच छान, ट्राइबच्या माणसाच्या आवाजात त्यांच्या परवानगीनं. पण पाटीवरची गरजेची माहिती फक्त कोडमागं लपवू नका. उंच झाडांखाली सिग्नल जातो, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांच्या फोनमध्ये बऱ्याचदा इकडचा डेटा प्लॅनच नसतो.

टप्पा ८: खड्डा मारायच्या आधी

पाटीचा खांब म्हणजे खोदकाम. वॉशिंग्टन राज्यात ८११ ला फोन करून निदान दोन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं, मग खालच्या केबल आणि पाइपवाले येऊन रंगानं खुणा करतात. बागेच्या स्वतःच्या पाण्याच्या लाइन यात येत नाहीत, त्या माळ्याला विचारा.

दुसरा फोन जास्त महत्त्वाचा, वारसा अधिकाऱ्याला. प्रत्येक खड्ड्याची जागा आणि खोली नकाशावर दाखवून आधी मंजुरी घ्या. खोदताना शिंपल्यांचा थर, हाड, जळलेले दगड, घडवलेला दगड काहीही दिसलं तर पहार खाली ठेवा, काम थांबवा, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका, आणि अधिकाऱ्याला फोन करा. मुलं सोबत असतील तर त्यांना हे सकाळीच, फावडं हातात द्यायच्या आधी सांगा.

शक्य असेल तिथं खड्डाच नको. जड पायाची पाटी, आधीच असलेल्या कुंपणावर किंवा बाकाच्या पाठीवर लावलेली पाटी, हे चालतं. झाडाला खिळा मात्र नाही.

तपासा: खांब लावल्यावर परत ३६ इंच मोजा. पाटी लावताना रस्ताच अरुंद केलेला मी दोनदा बघितलाय.

टप्पा ९: घरून निघायच्या आधीची पाटी

व्हीलचेअरनं येणारा माणूस बागेत येऊन ठरवत नाही, फेरीचं तिकीट काढायच्या आधी ठरवतो. त्यामुळं टप्पा ४ मधले तेच आकडे वेबसाइटवर टाका, फोटोसकट, आणि फोटो जानेवारीतलाही टाका. फोटोंना स्क्रीन रीडरसाठी वर्णन लिहा. फोन नंबर द्या, आणि तो उचलणाऱ्या माणसाला हे आकडे माहीत असू द्या.

टप्पा १०: नंतर कोण बघणार

इथं सावलीत प्रत्येक पाटीवर वर्षभरात हिरवा थर चढतो. साधं पाणी, थोडा साबण, मऊ कापड, वर्षातून दोनदा. पाटीवरचा आकडा बदलला की पाटी झाका, मग दुरुस्त करा. झाड पडून वाट बंद झाली तर "बंद" एवढंच नको, दुसरी वाट किती लांब आणि किती चढाची तेही लिहा.

सगळ्या मूळ फाइल, फाँट, मंजुरीची सही असलेली प्रूफं, मोजमापाचा तक्ता हे ट्राइबच्या खात्याकडे द्या, तुमच्या ड्राइव्हवर ठेवू नका. तुम्ही दोन वर्षांत नोकरी बदलून टेक्सासला जाल, आणि एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी त्यांना अख्खी पाटी परत टाइप करायला लागेल.

पहिल्या वर्षाचं फेरमोजमाप ऑक्टोबरमधल्या पहिल्या जोरदार पावसानंतरच्या आठवड्यात ठेवा. तीच लेव्हल, तीच टेप, आणि जमलं तर तीच माणसं जी पहिल्यांदा आली होती.